बलाढ्य गिऱ्हाइकाची मर्जी

दोन देशांतला व्यापार वाढला की दोघांचाही फायदा होतो, हे अर्थशास्त्रातले जुने आणि बऱ्याच अंशी खरे तत्त्व आहे. पण फायदा दोघांना होत असला तरी गरज दोघांची सारखी नसते. उद्या हा व्यापार अचानक थांबला तर कोणाचे किती अडेल, याचे उत्तर दोन्ही बाजूंना वेगवेगळे येते. ज्याचे कमी अडते त्याच्या हाती राजकीय ताकद येते. समोरच्या देशात हुकूमशाही असेल, म्हणजे तिथले सीमाशुल्क खाते, बँका, बंदरे, वृत्तपत्रे आणि बडे खरेदीदार एकाच सत्ताकेंद्राच्या शब्दाबाहेर नसतील, तर ही ताकद वापरायला फार वेळ लागत नाही. त्यासाठी संसदेत चर्चा करावी लागत नाही, कायदा करावा लागत नाही आणि न्यायालयाची धास्तीही नसते.

या विचाराची नीट मांडणी अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या पुस्तकात केली. हर्शमन मूळचे बर्लिनचे. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी देश सोडला. १९३० च्या दशकात जर्मनीने आग्नेय युरोपातल्या छोट्या, शेतीप्रधान देशांशी व्यापार कसा वाढवला, याचा त्यांनी अभ्यास केला. महामंदीमुळे त्या काळी धान्याला आणि तंबाखूला कुठेच उठाव नव्हता. जर्मनी मात्र बल्गेरिया, हंगेरी, युगोस्लाव्हिया यांचा माल जागतिक बाजारापेक्षा चढ्या भावाने उचलत होता. पैसे रोख मिळत नसत. ते जर्मनीतल्या खात्यावर जमा होत आणि त्यातून जर्मन मालच घ्यावा लागे. शेतकरी खूश होते, सरकारेही खूश होती. इतका भाव दुसरे कोणी देणार नव्हते, त्यामुळे दुसरे गिऱ्हाईक शोधण्याचे कारणच उरले नाही. महायुद्धाच्या तोंडावर बल्गेरियाची निम्म्याहून अधिक निर्यात एकट्या जर्मनीला जात होती. जर्मनीच्या एकूण आयातीत बल्गेरियाचा वाटा मात्र किरकोळ होता. हर्शमन यांच्या अभ्यासातून दोन गोष्टी कळतात. एक, अवलंबित्व बहुतेक वेळा धाकाने येत नाही, ते चांगल्या भावाने येते. दोन, असा व्यापार वाढला की त्यावर जगणारा एक वर्ग देशातच तयार होतो आणि तो आपल्याच सरकारला सांगू लागतो की, गिऱ्हाइकाला दुखवू नका.

गेल्या काही वर्षांत या दोन्ही गोष्टींची सगळ्यात स्पष्ट परीक्षा ऑस्ट्रेलिया आणि चीन यांच्या व्यापारात झाली. ऑस्ट्रेलियाकडे लोहखनिज, कोळसा, नैसर्गिक वायू, धान्य, मांस आणि वाइन. चीनकडे कारखाने आणि झपाट्याने वाढणारा मध्यमवर्ग. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटात बहुतेक श्रीमंत देश मंदीत गेले, ऑस्ट्रेलिया मात्र वाचला, आणि त्यात चीनच्या खनिज-खरेदीचा मोठा हात होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये शी जिनपिंग यांनी कॅनबेरात ऑस्ट्रेलियाच्या संसदेसमोर भाषण केले. जून २०१५ मध्ये मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो लागू झाला. वाइनवरचे १४ टक्के आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत १ जानेवारी २०१९ ला शून्यावर आले. २०२० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या मालाच्या निर्यातीपैकी सुमारे ४० टक्के एकट्या चीनला जात होती. बार्लीची, म्हणजे बिअरसाठी लागणाऱ्या जवाची, निम्म्याहून अधिक निर्यात तिकडे होई. जिवंत शेवंडींची तर ९० टक्क्यांहून जास्त.

याच काळात राजकीय संबंध बिघडत होते. देशाच्या राजकारणात परकीय हस्तक्षेप होत असल्याच्या शंकेवरून ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये नवे कायदे केले आणि ऑगस्टमध्ये हुआवे या चिनी कंपनीला फाइव्ह-जी जाळ्यातून बाहेर ठेवले. एप्रिल २०२० मध्ये परराष्ट्रमंत्री मरीस पेन यांनी कोरोना विषाणूच्या उगमाची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय चौकशी व्हावी अशी मागणी केली. आठवड्याभरातच ऑस्ट्रेलियातल्या चिनी राजदूतांनी एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत सूचित केले की, चिनी ग्राहक यापुढे ऑस्ट्रेलियाची वाइन का प्यावी आणि गोमांस का खावे, असा प्रश्न विचारू शकतात.

मे महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या चार मोठ्या कत्तलखान्यांतून होणारी मांसाची आयात चीनने थांबवली. कारण दाखवले गेले लेबलांतल्या आणि आरोग्य प्रमाणपत्रांतल्या त्रुटींचे. पाठोपाठ बार्लीवर ८०.५ टक्के शुल्क आले. त्यासाठी २०१८ पासून चाललेली अँटी-डम्पिंग, म्हणजे पडेल भावाने माल खपवल्याच्या आरोपाची, चौकशी पूर्ण झाल्याचे सांगण्यात आले. लाकडाच्या ओंडक्यांत कीड सापडली. शेवंडींत जड धातू आहेत का हे तपासण्यासाठी जिवंत माल शांघायच्या विमानतळावर अडवून ठेवण्यात आला, आणि पाण्याबाहेरची शेवंड प्रयोगशाळेच्या निकालापर्यंत तग धरत नाही. सूतगिरण्यांना ऑस्ट्रेलियाचा कापूस घेऊ नका, असे सांगितले गेल्याची तक्रार तिथल्या कापूस-उत्पादकांनी केली. नोव्हेंबरअखेर वाइनवर १०७ ते २१२ टक्के अनामत शुल्क लादले गेले आणि पुढच्या मार्चमध्ये ते पाच वर्षांसाठी पक्के झाले. प्रत्येक वस्तूला वेगळे कारण आणि प्रत्येक कारण तांत्रिक. ही राजकीय शिक्षा आहे असे एकाही अधिकृत कागदावर लिहिलेले नव्हते. मात्र नोव्हेंबरातच चिनी दूतावासाने ऑस्ट्रेलियन पत्रकारांच्या हाती १४ तक्रारींची यादी दिली. त्यात हुआवेवरची बंदी होती, विषाणूच्या चौकशीची मागणी होती आणि वृत्तपत्रांतल्या प्रतिकूल बातम्याही होत्या. शेवंडीचा किंवा लाकडातल्या किडीचा उल्लेख अर्थातच नव्हता.

हुकूमशाही सत्तेशी व्यापार करण्यातली खरी अडचण इथे दिसते. कोळशाच्या बाबतीत तर लेखी आदेशच निघाला नाही. वीज केंद्रांना आणि पोलाद कारखान्यांना तोंडी निरोप गेले आणि खरेदी थांबली. लेखी काही नसल्यावर दाद मागायची कशाविरुद्ध? ऑस्ट्रेलियाला जागतिक व्यापार संघटनेत फक्त बार्ली आणि वाइनचे प्रकरण नेता आले, कारण तिथे निदान शुल्काचा हुकूम कागदावर होता. कोळसा, कापूस, शेवंडी यांच्यासाठी ती वाटही नव्हती.

या भांडणाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबईच्या ग्रेट ईस्टर्न शिपिंग कंपनीचे ‘जग आनंद’ हे जहाज ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन १३ जून २०२० ला चीनच्या हबेई प्रांतातल्या जिंगटांग बंदराबाहेर पोहोचले. जहाजावर २३ भारतीय खलाशी होते. माल उतरवून घेण्याची परवानगी मिळेना, माल घेऊन परत जाण्याचीही मिळेना, आणि साथीच्या नियमांकडे बोट दाखवून खलाशांना बदलीवरही जाऊ देईनात. सप्टेंबरात काओफेइडियान बंदराबाहेर ‘अनास्तासिया’ हे दुसरे जहाज अडकले. त्यावर १६ भारतीय होते. बोटीवरच्या माणसाचा करार ठरावीक महिन्यांचा असतो. तो संपला तरी नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावर दिवस काढायचे, औषधे आणि ताजे अन्न बंदरातून येईल तेव्हा घ्यायचे, आणि मागून आलेली जहाजे माल उतरवून निघून जाताना पाहायची, अशी त्यांची गत झाली. मागून आलेली जहाजे मोकळी झाली, ही गोष्ट भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानेही डिसेंबरात जाहीरपणे नोंदवली. ‘जग आनंद’ अखेर जानेवारी २०२१ मध्ये जपानच्या चिबा बंदरात गेले आणि तिथून खलाशी घरी परतले. ‘अनास्तासिया’वरच्या लोकांची सुटका त्यानंतर झाली. दोन देशांच्या भांडणात तिसऱ्याच देशाची माणसे महिनोन्महिने अडकून पडली, आणि व्यापारातली जोखीम मोजताना ही माणसे कोणाच्याच तक्त्यात नव्हती.

आर्थिक परिणाम काय झाला, हे पाहिले तर आश्चर्य वाटते. ऑस्ट्रेलियाच्या अर्थमंत्र्यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, निर्बंध आलेल्या मालाची चीनला होणारी निर्यात वर्षभरात सुमारे ५.४ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरने घटली, पण त्याच मालाची इतर देशांना होणारी निर्यात ४.४ अब्जांनी वाढली. बार्ली सौदी अरेबियाकडे वळली. कोळसा जपान, दक्षिण कोरिया आणि भारताकडे वळला. चिनी बंदरांतल्या गोदामांत पडून राहिलेला ऑस्ट्रेलियन कोळसाही २०२१ मध्ये भारतातल्या काही खरेदीदारांनी सवलतीच्या भावात उचलला. कोळसा कुठल्याही देशात कोळसाच असतो. चीनने तो घेतला नाही तर चीनला दुसरीकडून घ्यावा लागतो, आणि त्या दुसऱ्याचे जुने गिऱ्हाईक मोकळे होते. त्यामुळे अशा मालाच्या बाबतीत धाक दिसतो त्यापेक्षा कमी बसतो. उलट त्या वर्षी चीनच्या काही प्रांतांत विजेची टंचाई झाली. एकट्या कोळसाबंदीमुळे ती झाली नाही, पण बंदीने तीत भर नक्कीच पडली.

वाइनचे तसे नव्हते. चिनी ग्राहकाच्या आवडीप्रमाणे गडद, तांबडी, भेट देण्याजोगी वाइन तयार करण्यासाठी न्यू साउथ वेल्समधल्या ग्रिफिथच्या परिसरात आणि साउथ ऑस्ट्रेलियात हजारो एकर द्राक्षबागा लागल्या होत्या. चीनला जाणारी सव्वा अब्ज डॉलरच्या आसपासची निर्यात दोन-तीन वर्षांत जवळजवळ संपली. तेवढी वाइन घेणारा दुसरा बाजार जगात नव्हता. टाक्या भरून राहिल्या. ग्रिफिथसारख्या भागांत तांबड्या द्राक्षांचा भाव २०२० मध्ये टनाला सुमारे ६५० ऑस्ट्रेलियन डॉलर होता, तो २०२३ पर्यंत ३०० च्या घरात आला. हा भाव उत्पादन खर्चाच्याही खाली होता. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. वेल लावल्यावर नीट उत्पन्न यायला तीनेक वर्षे जातात, आणि एकदा मुळापासून उपटलेली बाग भाव सुधारला म्हणून परत उभी राहत नाही. तिथे लक्षावधी वेली उपटल्या गेल्या. देशाच्या पातळीवर सगळ्या मालाचा मिळून तोटा एक अब्जाचा, म्हणजे सोसण्याजोगा होता. पण तो सगळ्या देशात वाटला गेला नाही. तो काही खोऱ्यांतल्या काही कुटुंबांवर कोसळला. करार झाला तेव्हा त्याचा फायदा सर्व देशाचा म्हणून मिरवला गेला होता, हे लक्षात घेतले तर ही वाटणी अन्यायाची वाटते.

आणि ऑस्ट्रेलियाने सोडलेली जागा भरली कोणी? चिली आणि फ्रान्सच्या वाइनने. अमेरिका, कॅनडा, रशिया आणि इंडोनेशियाच्या कोळशाने. यांतले काही देश ऑस्ट्रेलियाचे जवळचे मित्र होते आणि पाठिंब्याची निवेदनेही काढत होते. त्यांच्या व्यापाऱ्यांनी मात्र मोकळी झालेली बाजारपेठ घेतली. व्यापारी असेच वागणार, हे गृहीत धरूनच कोणत्याही देशाने आपले गणित मांडायला हवे.

या सगळ्या काळात एका वस्तूला चीनने हात लावला नाही. ती म्हणजे लोहखनिज. चीन वर्षाला शंभर कोटी टनांहून अधिक लोहखनिज आयात करतो आणि त्यातले सुमारे ६० टक्के ऑस्ट्रेलियातून येते. २०१९ च्या ब्रुमाजिन्यो धरणफुटीनंतर ब्राझीलचे उत्पादन घटले होते, त्यामुळे दुसरीकडून तेवढा माल मिळणे अशक्य होते. मे २०२१ मध्ये लोहखनिजाचा भाव टनाला २०० अमेरिकी डॉलरच्या वर गेला. द्राक्ष-बागायतदार कर्जात जात असताना खाणमालक विक्रमी नफा कमावत होते. म्हणजे रकमेच्या हिशेबाने ज्या वस्तूत ऑस्ट्रेलिया चीनवर सर्वांत जास्त अवलंबून होता, त्याच वस्तूत तो सर्वांत सुरक्षित ठरला, कारण तिथे चीनचेही तितकेच अडत होते. व्यापाराचा एकूण आकडा पाहून जोखीम ठरवणारे लोक नेमके इथे चुकतात. अर्थात ही सुरक्षितता कायमची नाही. चिनी कंपन्यांनी मोठी गुंतवणूक केलेली गिनी देशातली लोहखनिजाची सिमांडू खाण २०२५ मध्ये कामाला लागली. ऑस्ट्रेलियाशिवाय चालेल अशी सोय चीन सावकाश करतो आहे.

ऑस्ट्रेलियाने माघार घेतली नाही. हुआवेवरची बंदी उठली नाही, कायदेही बदलले नाहीत. २०२२ मध्ये तिथे सरकार बदलले, भाषा मवाळ झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये बार्लीवरचे शुल्क गेले, मार्च २०२४ मध्ये वाइनवरचे आणि त्या वर्षाअखेर शेवंडींचा मार्गही मोकळा झाला. चीनने हा सगळा खटाटोप करून काय मिळवले? ऑस्ट्रेलियाकडून फारसे काही नाही. पण बघणारे देश बरेच होते. पुढच्या वेळी चौकशीची मागणी करण्याआधी दुसरा एखादा छोटा देश आपल्या निर्यातदारांचा विचार करील. असा न उच्चारलेला शब्द आणि न घेतलेला निर्णय कोणत्याच आकडेवारीत दिसत नाही, आणि या जोखमीचा सगळ्यात मोठा भाग कदाचित तोच असेल.

विकणाऱ्याची जोखीम एक, घेणाऱ्याची दुसरी. घेणाऱ्याचे काय होते ते जर्मनीने भोगले. पश्चिम जर्मनीने १९७० मध्ये सोव्हिएत संघाशी करार केला. मोठ्या व्यासाचे पोलादी पाइप आणि त्यासाठी कर्ज जर्मनीने द्यायचे, बदल्यात सैबेरियाचा वायू घ्यायचा. शीतयुद्धाच्या ऐन भरातही तो वायू थांबला नाही. त्यामुळे व्यापारातून समोरचा देश बदलत जाईल, या विश्वासाला जर्मन राजकारणात जवळजवळ श्रद्धेचे रूप आले. हा विश्वास मूर्खपणाचा नव्हता. त्याच्यामागे चार दशकांचा अनुभव होता. चूक नंतर झाली. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यावरही २०१५ मध्ये बाल्टिक समुद्राखालच्या दुसऱ्या नॉर्ड स्ट्रीम वायूवाहिनीचा करार झाला. त्याच वर्षी रेडेन इथली जर्मनीतली सर्वांत मोठी वायू-साठवण गाझप्रॉम या रशियाच्या सरकारी वायू कंपनीच्या ताब्यात गेली. २०२१ मध्ये जर्मनीच्या वायू-आयातीपैकी सुमारे ५५ टक्के रशियातून येत होती आणि समुद्रमार्गे द्रवरूप वायू उतरवून घेणारे एकही टर्मिनल देशात नव्हते. त्या वर्षीच्या हिवाळ्याआधी रेडेनची साठवण जवळजवळ रिकामीच राहिली. तेव्हा फार थोड्यांनी त्याचा अर्थ ओळखला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले. जूनमध्ये नॉर्ड स्ट्रीममधला पुरवठा ४० टक्क्यांवर आला, जुलैत २० टक्क्यांवर, आणि ऑगस्टअखेर बंद झाला. कारण इथेही तांत्रिकच दाखवले गेले, टर्बाइनच्या दुरुस्तीचे.

जर्मनीने तो हिवाळा काढला. विल्हेल्म्सहाफेन इथे डिसेंबर २०२२ पर्यंत पहिले टर्मिनल उभे राहिले, उनिपर ही बडी वायू कंपनी सरकारला ताब्यात घ्यावी लागली, आणि रासायनिक उद्योगाचे काही कारखाने बंद झाले ते झालेच. युरोपने चढा भाव देऊन द्रवरूप वायूची जहाजे आपल्याकडे वळवली, तेव्हा पाकिस्तान आणि बांगलादेशात वीज जाऊ लागली. भारतालाही झळ लागली. गेल कंपनीचा वायू-पुरवठ्याचा दीर्घ मुदतीचा करार गाझप्रॉमच्या ज्या उपकंपनीशी होता, तिचा ताबा जर्मन सरकारने घेतला आणि २०२२ मध्ये भारताकडे यायची जहाजे आली नाहीत. गेलला खत कारखान्यांचा वायू कमी करावा लागला.

दुर्मिळ मृदा धातूंचे प्रकरण याच जातीचे, पण अधिक अवघड. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळ जपानने एका चिनी मासेमारी बोटीचा कप्तान पकडला आणि चीनमधून जपानला जाणारा या धातूंचा माल बंदरांतच थांबला. जपानने त्यानंतर ऑस्ट्रेलियातल्या लायनस या खाण कंपनीत सरकारी मदतीने पैसे घातले आणि तिचा माल वर्षानुवर्षे घेण्याचे बांधील करार केले. आपले चीनवरचे अवलंबित्व जपानने बरेच कमी केले, पण त्यासाठी एक दशक लागले. बाकी जगाने ती घटना पाहिली आणि स्वस्त माल घेत राहिले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अमेरिकेशी चाललेल्या शुल्कयुद्धात सात दुर्मिळ मृदा धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात-परवान्याची अट घातली. हातात मावणारे हे चुंबक विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोटारीत असतात. भारताचे त्या भांडणाशी काही देणेघेणे नव्हते, तरी पुण्याच्या बजाज ऑटोला त्या जुलैत चेतक स्कूटरचे उत्पादन घटवावे लागले. ऑगस्टमध्ये ते पूर्ण थांबेल की काय, अशी भीती कंपनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे बोलून दाखवली. स्कूटरच्या किमतीत चुंबकांचा वाटा अगदी थोडा असतो, पण त्यांच्याशिवाय स्कूटर कारखान्याबाहेर पडत नाही.

तेव्हा धोका हुकूमशाहीचाच आहे की एकाच देशावर विसंबण्याचा, असा प्रश्न उरतोच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, आणि त्याचा फटका बसलेल्या कोळंबी-निर्यातदाराला किंवा कापड-कारखानदाराला अमेरिका लोकशाही देश आहे यात काही दिलासा नव्हता. फरक एवढाच की ते शुल्क उघडपणे जाहीर झाले होते, त्याची कारणे, योग्य असोत वा नसोत, सांगितली गेली होती आणि अमेरिकेच्याच न्यायालयांत त्या अधिकारांना आव्हान दिले जात होते. हुकूमशाहीत हे दरवाजे नसतात. शिवाय तिथे माणसेही ओलीस धरली जाऊ शकतात. २०१८ च्या डिसेंबरात कॅनडाने हुआवेच्या एका बड्या अधिकाऱ्याला अमेरिकेच्या विनंतीवरून अटक केल्यावर चीनने दोन कॅनेडियन नागरिकांना पकडले. ती अधिकारी सुटली त्याच दिवशी, सप्टेंबर २०२१ मध्ये, ते दोघेही सुटले. मधल्या काळात कॅनडाच्या कॅनोला तेलबियांची दोन मोठ्या कंपन्यांकडून होणारी आयातही चीनने थांबवली होती.

नुसत्या विसंबण्याचा धोका गोव्याने पाहिला आहे. हलक्या प्रतीच्या लोहखनिजाला देशात गिऱ्हाईक नव्हते, चीनला मात्र ते हवे होते, आणि २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जाऊ लागले. डिचोली-सांगेकडच्या घराघरांतून कर्जावर ट्रक घेतले गेले, मांडवीतून बार्जांची रांग लागली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, त्या चीनमुळे नव्हे, तर इथल्याच बेकायदा उत्खननामुळे. पण एका वस्तूवर आणि एका गिऱ्हाइकावर उभे राहिलेले तालुके किती लवकर कोलमडतात हे त्यातून दिसले. तळेगावचा अनुभव उलट बाजूचा आहे. जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने ग्रेट वॉल मोटर्स आणि आणखी दोन चिनी भागीदारांशी मिळून सुमारे ५,००० कोटींचे सामंजस्य करार केले, आणि भारत-चीन सीमेवरच्या गलवानच्या चकमकीनंतर आठवड्याभरात ते थांबवले गेले. ग्रेट वॉल जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेणार होती. तो व्यवहार फिसकटला, कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचे ठरवीपर्यंत २०२३ साल उजाडले. संबंध तोडण्याचा खर्चही कोणाच्या तरी घरातूनच जातो. देशहितासाठी तो करणे योग्य असेल, पण तो मोजला पाहिजे आणि भरून दिला पाहिजे.

भारताचे गणित ऑस्ट्रेलियासारखे नाही. २०२४-२५ मध्ये भारताने चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि सुमारे १४ अब्जांचा विकला. म्हणजे माल घेणे थांबवून चीन भारताचे फारसे बिघडवू शकत नाही. देणे थांबवले तर बिघडवू शकतो. त्यातही ११३ अब्जांतला बहुतेक माल, मग तो फोनचे सुटे भाग असोत की यंत्रे, थोड्या जास्त भावाने दुसरीकडे मिळण्यासारखा आहे. खरा प्रश्न थोड्या किमतीच्या पण अडवणूक करणाऱ्या वस्तूंचा आहे. चुंबक त्यातला एक. औषधांचा कच्चा माल दुसरा. त्याच्या आयातीपैकी सुमारे ७० टक्के चीनमधून येते. एप्रिल २०२० पासून शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरीची अट आहे. ती मालकीच्या जोखमीवरचा उपाय आहे. पुरवठ्याच्या जोखमीवर तिचा काही उपयोग नाही.

पुरवठ्याची जोखीम कमी करणे किती कठीण आहे हे पेनिसिलिनवरून कळते. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. नंतर खासगी कंपन्याही त्यात उतरल्या. चीनचा माल स्वस्तात येऊ लागल्यावर एकेक करून सगळ्यांनी पेनिसिलिन-जी बनवणे सोडले आणि अनेक प्रतिजैविकांचा हा पाया पूर्णपणे आयातीवर गेला. २०२० नंतरच्या सरकारी प्रोत्साहन योजनेतून आंध्र प्रदेशात काकीनाड्याला वर्षाला १५,००० टन क्षमतेचा नवा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. त्यानंतर चिनी पेनिसिलिनचे भाव उतरले, आणि किमान आयात किंमत ठरवून द्या, अशी मागणी या उद्योगाला सरकारकडे करावी लागली. ती मान्य केली तर प्रतिजैविके तयार करणाऱ्या इतर भारतीय कंपन्यांचा कच्चा माल महागणार होता, आणि अमान्य केली तर काकीनाड्याचा कारखाना पिंपरीच्या वाटेने जाण्याची शक्यता उरत होती.